एकाच पिशवीतले बी, चार शिवारे

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कोल्हापुरात घरच्या ओसरीवर बसून चार कापडी पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत तेच पाच प्रकारचे बी मोजून भरले. सोयाबीनचे जेएस ३३५ आणि फुले संगम, भुईमुगाचे उपटे (उभ्या झुडपाचे) जेएल २४ आणि पसरे (जमिनीवर पसरणारे) कराड ४-११, आणि मूठभर गावठी कुळीथ. एक पिशवी शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी मामांकडे गेली, दुसरी गडहिंग्लजला आत्यांकडे, तिसरी आजऱ्याजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आणि चौथी गगनबावड्याच्या वाटेवरील एका वाडीत, शेजारच्या वहिनींच्या माहेरी. प्रत्येकाने आपल्या रानाच्या रीतीने पेरावे, फक्त एका वाणाच्या तीन-तीन ओळी ठेवाव्यात आणि ओळीच्या टोकाला नावाची पाटी रोवावी, एवढीच माझी विनंती होती.

हे करण्यामागे एक जुनी बोच होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि गावाकडे गेले की हमखास विचारले जाते, “चांगला वाण कोणता, तेवढं सांगा.” मी अनेक वर्षे एखादे नाव सांगून मोकळी होत असे. पुढे एकाच हंगामात तेच नाव एका गावी शाबासकी मिळवून गेले आणि साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी फजितीला कारण झाले, तेव्हा आपण अर्धेच उत्तर देतो आहोत हे लक्षात आले. कोल्हापूर जिल्ह्यात तर हा प्रश्न फारच तीव्र होतो. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळात पाचशे-सहाशेच्या आसपास; मधले अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. जमीनही तशीच बदलत जाते, नदीकाठची खोल काळी, मग मध्यम व हलकी मुरमाड, आणि सह्याद्रीच्या कुशीत आम्लधर्मी जांभी. इतक्या थोड्या अंतरात एका वाणाला चार वेगवेगळी आयुष्ये जगायला लागतात, ती आपल्या डोळ्यांनी पाहावीत म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी निघाले. गाडी चालवायला धाकटा भाऊ होता. सोबत भिंग, फूटपट्टी, ताणकाटा आणि कागदी पाकिटे घेतली होती.

पहिला दिवस : शिरोळ

हातकणंगले, जयसिंगपूर मागे टाकून मामांच्या गावात पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि त्याच्या मधोमध माझ्या ओळींचा तुकडा एखाद्या अंगणासारखा उघडा दिसत होता. जेएस ३३५ ची पाने जवळजवळ गळून गेली होती. मामा समाधानाने म्हणाले, “हे बघ, तुझं जबलपूरचं बी आधी पिकलं. संगम अजून हिरवंच हाय.”

त्यांचे म्हणणे वरवर पाहता बरोबरच होते. जेएस ३३५ हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून १९९४ साली आला, तो ९५ ते १०० दिवसांत तयार होतो, आणि मध्य भारतात व महाराष्ट्रात त्याने अनेक वर्षे राज्य केले. फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा. तो थोडा उशिराने, साधारण १०० ते १०५ दिवसांत येतो. पण मी जेएस ३३५ च्या खालच्या फांदीवर उरलेली दोन-तीन पाने उलटी करून भिंगाखाली धरली आणि मग मामांच्याही हाती भिंग दिले. पानाच्या मागच्या बाजूला फिकट तपकिरी पुटकुळ्या दाटीने उठल्या होत्या, त्यांची तोंडे उघडी होती आणि बोटाने पुसताच पिठासारखी भुकटी बोटाला लागली. तो तांबेरा होता, बुरशीमुळे होणारा पानांचा रोग. संगमच्या पानांवरही डाग होते, पण ते थोडे, गडद तांबूस आणि बरेचसे कोरडे. झाडाने बुरशीला ज्या पेशींत शिरकाव मिळाला त्या पेशीच मारून तिची वाट अडवली, की असा गडद डाग उरतो; बुरशीला सुखाने वाढू दिले, की फिकट पुटकुळी उठते आणि हजारो बीजाणू बाहेर पडतात.

पीक आधी पिकले नव्हते, आधी संपले होते. पाने गळाल्याने दाण्यांना पोसायला कोणी उरले नाही आणि शेंगा अवेळी वाळल्या. मी दोन्ही वाणांचे दहा-दहा दाणे मामांच्या तळव्यावर शेजारी-शेजारी मांडले. जेएस ३३५ चे दाणे बारीक आणि किंचित सुरकुतलेले होते, संगमचे टपोरे. मामा बराच वेळ तळव्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे इतकी वर्सं पानगळ बघून आम्ही खूश हुतो की काय?”

सोयाबीनच्या तांबेऱ्याला पान काही तास सलग ओले लागते आणि हवा फार उष्ण चालत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहाटेचे धुके, उसाच्या दाटीत कोंडलेला ओलावा आणि रिमझिम, असे सगळेच जुळून येते. खाली बेळगाव जिल्ह्यातले उगार खुर्द तर या रोगाच्या चाचणीसाठीच ओळखले जाते. तिथे जवळ धारवाडला निवडलेला डीएसबी २१ आणि इकडे डिग्रजचा संगम हे दोघेही तांबेऱ्याच्या प्रदेशात घडलेले वाण आहेत. मध्य प्रदेशातल्या रानात या रोगाचा असा तगादा नव्हता, म्हणून जेएस ३३५ मध्ये त्याच्याशी झुंजण्याचे गुण शोधून भरण्याची गरज त्या वेळी पडली नाही. वाणाने काय सोसायचे ते तो निवडला गेला त्या मातीत आणि त्या हवेत ठरते, आणि ज्याची परीक्षाच झाली नाही त्या विषयात त्याला गुण मिळत नाहीत.

कुळथाच्या ओळींकडे वळलो तेव्हा मामींना हसू आवरत नव्हते, कारण तिथे गुडघ्याएवढ्या वेलांची गादी पसरली होती आणि शेंग एकही नव्हती. आता कुठे कळ्या दिसू लागल्या होत्या. कुळीथ दिवस लहान होण्याची वाट पाहतो. जूनमध्ये पेरला तर खत-पाणी खाऊन नुसती पाने वाढवतो आणि फुलोऱ्याला मात्र आपल्याच वेळेला येतो. मामींनी तो वेल कापून म्हशीला घालायचे ठरवले, ते योग्यच होते.

निघण्यापूर्वी मामांनी मला बांधाच्या पलीकडचा खोलगट तुकडा मुद्दाम दाखवला. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीचे दुखणे सर्वांना माहीत आहे. वर्षानुवर्षांच्या उसाच्या पाण्याने भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर बसू लागला. मामांनी माझ्या पिशवीतले उरलेले सोयाबीन तिथेही टाकून पाहिले होते. उगवून आलेली रोपे टोकाकडून करपून गेली होती. त्याच तुकड्याच्या उरलेल्या भागात धैंचा मात्र डोक्याच्या वर गेला होता. तोही शेंगावर्गीयच, त्याच्याही मुळांना गाठी येतात, पण पाणथळ आणि खारट जमिनीत उभा राहण्याची ताकद त्याच्याजवळ आहे. म्हणून अशी जमीन सुधारताना तो फुलोऱ्यापूर्वी गाडला जातो. हरभरा आणि मूग यांना तर क्षार सोयाबीनहूनही कमी सोसतात. एका कुळातील पिकांतच एवढी तफावत असेल तर ‘कडधान्य क्षारपड जमिनीत येते का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर कसे देणार?

दुसरा दिवस : गडहिंग्लज

कागल, निपाणी, संकेश्वर असे करत, म्हणजे थोडा वेळ कर्नाटकातून जाऊन, सकाळी दहाच्या सुमारास गडहिंग्लज गाठले. आत्यांचे रान गावापासून तीन किलोमीटरवर माळाच्या उताराला आहे. माती तांबूस, भुसभुशीत, खाली मुरूम. भुईमुगाला अशीच जमीन मानवते, कारण फूल जमिनीवर उमलते पण शेंग जमिनीखाली धरते. फुलाच्या तळातून निघालेली आरी खाली वाकून मातीत शिरते आणि माती घट्ट असली तर तिला शिरताच येत नाही. शिरली तरी काढणीच्या वेळी चिकट काळी माती शेंगा धरून ठेवते आणि उपटताना निम्म्या खालीच राहतात. मामांच्या काळ्या रानात मला हेच दिसले होते. तिथे भुईमुगाचे एक झाड कुदळीने खणून काढावे लागले.

आत्यांनी जेएल २४ चे पहिले झाड एका हाताने सहज उपटले आणि माझ्यासमोर झटकले. बुडाशीच घोसाने शेंगा लागल्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणा बाजूला ठेवला आणि टरफलाची आतली बाजू मला दाखवली. ती काळपट तपकिरी झाली होती. शेंग तयार झाल्याची ही खूण त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकवली आणि कृषी महाविद्यालयातही तीच शिकवतात. पण पुढचे झाड उपटताच आत्यांचा चेहरा उतरला. तीन शेंगांच्या टोकातून पांढरे कोंब बाहेर आले होते.

“गेल्या आठवड्यात चार दिस पाऊस थांबलाच न्हाई. मजूर मिळंना. मी तवाच बोललो हुतो, ही शेंग उद्याला ठेवायची न्हवं.”

शेजारीच कराड ४-११ पसरला होता. तो अजून हिरवा होता, त्याला आणखी महिनाभर तरी जमिनीत राहायचे होते. पण मी मुद्दाम त्याच्या आधी धरलेल्या, पूर्ण भरलेल्या काही शेंगा शोधून काढल्या. त्याच मातीत, त्याच पावसात त्या होत्या, पण एकीलाही कोंब नव्हता.

हा फरक माझ्या मते या सबंध प्रवासातला सर्वांत बोलका होता. पसऱ्या भुईमुगाच्या बियांना पक्व झाल्यानंतरही काही काळ सुप्तावस्था असते. ओलावा मिळाला तरी ते बी लगेच जागे होत नाही. उपट्या प्रकारांत ती सुप्तावस्था नसते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या पिकाच्या दोन शाखांनी जणू दोन वेगळे हवामान गृहीत धरले आहे. जिथे पाऊस लांबतो आणि पीक साडेचार महिने रानात राहते, तिथे झोपून राहणारे बी वाचते. जिथे पाऊस वेळेवर थांबतो आणि शेतकऱ्याला लगोलग दुसरे पीक घ्यायचे असते, तिथे झटपट येणारे आणि लगेच पुन्हा पेरता येणारे बी सोयीचे ठरते. सुप्तावस्था हा गुण की दोष, हे बियाकडे पाहून सांगता येत नाही. आभाळाकडे पाहून सांगावे लागते.

जेएल २४ विषयी मात्र मी आत्यांसमोर थोडी रदबदली केली. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात निवडला गेलेला हा वाण, ‘फुले प्रगती’ या नावानेही ओळखला जातो, तो ९० ते ९५ दिवसांत येतो आणि त्याला दिनमानाची, म्हणजे दिवसाच्या लांबीची, फारशी पर्वा नसते. म्हणूनच तो जळगावहून निघून थेट आफ्रिकेत पोहोचला आणि मलावी देशात ‘काकोमा’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती गेला. इतक्या दूरच्या मातीत रुळलेला वाण गडहिंग्लजच्या एका लांबलेल्या पावसात अडखळला, याचे कारण त्याचे कसब कमी आहे असे नाही. पाऊस संपायच्या आत तयार होऊन निघून जाणे हीच त्याची जुळवून घेण्याची रीत आहे, आणि पाऊसच निघाला नाही तर त्या रीतीला उत्तर नसते.

आत्यांनी मग अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला : लवकर यावे पण कोंब फुटू नयेत, असे बी नाही का? आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने काढलेला टीजी २६ हा उपटा, लवकर येणारा वाण आहे आणि त्याच्या ताज्या बियांना सुमारे २० दिवसांची सुप्तावस्था असते. तेवढे वीस दिवस म्हणजे मजूर मिळण्याची आणि ऊन पडण्याची सवड. पैदासकाराने दोन शाखांतले हवे तेवढेच घेऊन एका झाडात बसवले, ही गोष्ट सांगताना मला मनापासून आनंद झाला, आणि आत्यांनी लगेच नाव कागदावर लिहून घेतले.

दुपारी शेंगा भाजल्या. कोंब फुटलेल्या वेगळ्या काढून आत्यांनी त्या जनावरांच्या पाटीत टाकल्या. शेंगांच्या वाळवणावर बसून त्या एक-एक शेंग कानाशी हलवून आवाज ऐकत होत्या. आत दाणा सुटा वाजला की वाळली, असा त्यांचा हिशोब. रात्री मुक्काम तिथेच केला.

तिसरा दिवस : आजरा

आजऱ्याला पोहोचेपर्यंत आभाळ पुन्हा खाली उतरले. इथे घनसाळ भाताची खाचरे डोळे निववतात, पण माझ्या ओळी विरळ होत्या. विद्यार्थ्याने खजील होऊन सांगितले की पेरणीला तीन आठवडे उशीर झाला, कारण जूनभर वाफसाच आला नाही, आणि तोवर सोयाबीनची पिशवी दमट माडीवर पडून राहिली. दोष त्याचा नव्हता. मीच ती हवाबंद डब्यात दिली पाहिजे होती. सोयाबीनच्या बियांचे साल पातळ असते, दमटपणात त्याची उगवणशक्ती झपाट्याने उतरते, आणि म्हणूनच प्रमाणित बियाण्यासाठी सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण पुरेशी मानली जाते. काळतूर नावाचे मध्य भारतातले काळ्या बियांचे जुने सोयाबीन साठवणीत जास्त टिकते. घाटमाथ्यासाठी हा गुण मोलाचा ठरावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

उगवलेली रोपे मात्र शिकवण्यासारखी होती. मामांकडे कमरेपर्यंत गेलेला संगम इथे मांडीपर्यंतही आला नव्हता, आणि तरीही तीन आठवडे उशिरा पेरूनही तो शिरोळच्या मानाने जेमतेम दहा दिवस मागे होता. सोयाबीन दिवसाची लांबी मोजते. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड या दोन संशोधकांनी ‘बिलॉक्सी’ नावाचे सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरले तेव्हा सगळी झाडे जवळपास एकाच सुमाराला फुलली होती. त्यातूनच दिनमानाचा हा सिद्धांत पुढे आला. उशिरा पेरलेल्या झाडाला वाढायला दिवस कमी मिळतात, फुलायची वेळ मात्र ठरलेली असते, म्हणून ते खुजे राहते. कोल्हापूरच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवसही जेमतेम १३ तासांचा असतो. अमेरिकेच्या उत्तर भागात १५ तासांच्या दिवसांत वाढणारे सोयाबीन इथे आणले तर ते महिनाभरातच, वीतभर उंचीवर फुलते आणि संपते. आपल्याकडे सुरुवातीला रुळले ते ब्रॅग आणि ली, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे वाण होते. ब्राझीलने पुढे याच्यावर फार सुंदर तोड काढली. दिवस लहान असले तरी काही काळ फुलायचे नाही, आधी अंग धरायचे, असा गुण असलेले वाण निवडून सोयाबीन विषुववृत्ताच्या जवळ नेले.

विद्यार्थ्याने हे सगळे वहीत उतरवले आणि पुढल्या वर्षीही जूनमध्ये वाफसा आला नाही तर रोपांमधले अंतर कमी करून दाट टोकण करीन, असे स्वतःहून सांगितले. खुज्या झाडांसाठी हाच उपाय आहे. गारगोटीमार्गे रात्री कोल्हापुरात परतलो.

चौथा दिवस : गगनबावड्याची वाट

बालिंगा, कळे, साळवण असे करत वर चढू लागलो तशी हवा गार होत गेली. वाडी रस्त्यापासून आत आहे. शेवटचा अर्धा तास पायी. वहिनींच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणते, दारातच उभ्या होत्या. “आधी चहा घे पोरी, मग तुझी सोयाबीन बघ. बघण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाई म्हणा,” असे म्हणून त्यांनी मला आधीच सावध केले.

वरकस उतारावर सोयाबीनची रोपे वीतभर उंचीची, पिवळी, मलूल होती. मी एक रोप मुळासकट काढून ओहोळात धुतले. मुळांवर गाठी होत्या, पण मोजक्या आणि बारीक. नखाने एक गाठ चिरली. आत पांढरट हिरवे. मामांकडच्या गाठी चिरल्या तेव्हा आतून गुलाबी, जवळजवळ रक्ताच्या रंगाच्या निघाल्या होत्या. तो रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा, आणि तो दिसला की गाठीतले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत असे समजावे. इथे ते काम चाललेच नव्हते. आम्लधर्मी जांभ्या जमिनीत सोयाबीनचे जिवाणू नीट टिकत नाहीत, नत्र बांधणाऱ्या विकराला लागणारे मोलाब्द, म्हणजे मॉलिब्डेनम, आम्ल मातीत मुळांना कमी मिळते, आणि सततच्या पावसाने मुळांना श्वास घ्यायला हवा उरत नाही. वाण बदलून इथे फारसे साधले नसते. संगमही पिवळा होता, जेएस ३३५ ही पिवळा. भुईमुगाच्या उपट्या ओळी कुजल्या होत्या, पसऱ्या तग धरून होत्या.

मग मावशींनी मला त्यांचे स्वतःचे रान दाखवले. भातखाचरांच्या बांधावर ओळीने तूर उभी होती, पुरुषभर उंच, घट्ट हिरवी, आणि तिच्यावर कळीचा मागमूस नव्हता. बांध उंच असल्याने मुळांजवळ पाणी साचत नाही आणि भाताच्या ओलाव्यावर ती पुढे जानेवारीपर्यंत निभावते. मावशींनी सांगितले की काही वर्षांपूर्वी एकाने त्यांना लवकर येणारी, बुटकी तूर दिली होती. ती भर पावसात फुलली, फुले गळून गेली आणि जे उरले ते अळीने खाल्ले. आयसीपीएल ८७ सारखी १२० दिवसांच्या आसपास येणारी तूर पाटबंधाऱ्याच्या किंवा कमी पावसाच्या रानात दुसऱ्या पिकाला जागा करून देते, तिथे तिचे मोल फार आहे. पण इथे सप्टेंबरमध्ये फुलणे म्हणजे पावसाच्या तोंडी जाणे. मावशींची तूर दिवस पुरेसे लहान होईपर्यंत थांबते आणि पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरच्या स्वच्छ उन्हात फुलते. दिनमानाचा तो बांधीलपणा, जो शहाणी माणसे अनेकदा जुन्या वाणाचा दोष म्हणून सांगतात, तोच इथे छत्रीचे काम करतो.

परसात मांडवावर वरण्याचा वेल चढला होता. त्याचेही तेच; थंडी पडेपर्यंत शेंग नाही. कर्नाटकात बेंगळुरूजवळच्या हेब्बाळची बुटकी अवरे, म्हणजे वरणाच, बारमाही फुलते आणि बाजारासाठी ती उत्तम आहे, हे मी सांगितले तेव्हा मावशी म्हणाल्या, “बारा म्हैनं वरणा खाऊन कुणाला हवा? थंडीत येतो म्हणून त्याची वाट बघतो आम्ही.”

आणि कुळीथ. जूनमध्ये मी दिलेला कुळीथ मावशींनी पेरलाच नव्हता. पिशवीचे तोंड बांधून ती चुलीवरच्या फळीवर ठेवली होती आणि ऑगस्टच्या शेवटी, पावसाचा जोर ओसरल्यावर, नाचणीच्या कडेच्या उतारावर तो फेकला होता. आता बोटभर रोपे तीन-तीन पानांवर उभी होती आणि मामांच्या रानात चार महिने वाढूनही जे साधले नव्हते ते ही रोपे थंडीच्या दवावर दोन-अडीच महिन्यांत साधणार होती. माझी विनंती मोडली म्हणून त्यांनी माफी मागितली, तेव्हा मला काय बोलावे सुचेना. दुपारी जेवायला कुळथाचे माडगे होते, वर तूप आणि लसणाची फोडणी.

पाचवा दिवस : कोल्हापूर

घरी पाकिटे उघडून दाणे वजन करायला बसले. शंभर-शंभर दाणे मोजणे हे डोळ्यांना शिणवणारे पण मनाला स्वस्थ करणारे काम आहे. वजने वहीत लिहिताना १९६३ सालचे फिनले आणि विल्किन्सन यांचे काम सतत आठवत होते. त्यांनी ऑस्ट्रेलियात बार्लीचे २७७ वाण निरनिराळ्या ठिकाणी आणि हंगामांत वाढवले आणि एक साधी, खोल गोष्ट केली : जागेची प्रत पाऊस किंवा माती मोजून ठरवण्याऐवजी तिथे उगवलेल्या सर्व वाणांच्या सरासरी उत्पन्नाने ठरवली. मग एकेका वाणाची रेघ त्या प्रतीसमोर काढली. जी रेघ चांगल्या जागी झपाट्याने चढते तो वाण कसदार, पाणी असलेल्या रानाचा. जी रेघ जवळजवळ सपाट राहते तो वाईट दिवसांत घर सांभाळणारा. अखिल भारतीय समन्वित पीक संशोधन प्रकल्पांतल्या चाचण्या देशभर अनेक केंद्रांवर घेतल्या जातात त्यामागे हीच गरज आहे. माझ्या चार गावांच्या, तीन-तीन ओळींच्या खटाटोपाला त्या मापाची शास्त्रीय किंमत नाही. पुनरावृत्ती नाही, एकच हंगाम आहे, पेरणीच्या तारखाही वेगळ्या. तरी कागदावर रेघा ओढून पाहिल्याच. संगमची शिरोळकडे चढत गेली. कराड ४-११ ची थोडी तिरकी होती, पण तिचा उतार फार कमी होता. कुळथाची रेघ काढता आली नाही, कारण ज्या एका ठिकाणी तो खरा पेरला गेला तिथे तो अजून रानात आहे.

संध्याकाळी मामांचा फोन आला. जेएस ३३५ च्या शेंगा दुपारच्या उन्हात रानातच फुटू लागल्या होत्या, म्हणून त्यांनी ओळी त्याच दिवशी कापून घेतल्या. त्यांनी विचारले, “पुढल्या साली काय पाठवणार?”

मी नव्या पिशव्या कापायला घेतल्या होत्या. या वेळी त्या चार सारख्या असणार नाहीत. मामांच्या पिशवीत संगम आणि डीएसबी २१, आणि रब्बीसाठी मर रोगाला तोंड देणारा विजय हरभरा; खोलगट तुकड्यासाठी वेगळा धैंचा. आत्यांच्या पिशवीत टीजी २६ आणि थोडा कराड ४-११. आजऱ्याला सोयाबीन हवाबंद डब्यात, टोकणीच्या अंतराच्या चिठ्ठीसह. मावशींच्या पिशवीत मी काहीच भरलेले नाही. ती रिकामी पाठवणार आहे, त्यांच्या बांधावरच्या तुरीचे बी जानेवारीत भरून परत मागवण्यासाठी, आणि पिशवीवर वाणाचे नाव लिहायच्या जागी त्यांच्या वाडीचे नाव लिहून ठेवले आहे.